ताऱ्याची न पाहिलेली बाजू

आम्रपाली ओव्हाळ डॉक्टर होणार ही बातमी हडपसरच्या वस्तीत पसरली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन-तीन बायका तिच्या आईकडे, शालनकडे, आपापली दुखणी सांगून गेल्या. एकीचे गुडघे, एकीचं पित्त. शालन विहारातून परतताना वाटेत थांबून प्रत्येकीला समजावायची, "अगं, ती माणसांची डॉक्टर नाय. ताऱ्यांची हाय."

"ताऱ्यांना काय होतंय?"

"डाग पडत्यात म्हणं."

"मग त्याला मलम लावणार का काय?" म्हणून त्या हसत, आणि शालनही हसे. पण घरी आल्यावर पदर खोचून ती लेकीला विचारायचीच, "खरंच गं, कसले डाग? चंद्रावर दिसत्यात तसले का?"

आम्रपालीला हा प्रश्न कितीही वेळा विचारा, कंटाळा नसे. तिने एकदा दारावरचा आकाशकंदील खाली काढला, त्याच्या एका बाजूला काळ्या कागदाचं ठिगळ चिकटवलं आणि आत दिवा लावून दोऱ्याला पीळ दिला. कंदील गरगरू लागला. "आई, कंदिलाकडं बघू नकोस. समोरच्या भिंतीकडं बघ." भिंतीवरचा उजेड दर फेऱ्याला एकदा मंदावत होता. "तारा इतका लांब आहे की केवढीही मोठी दुर्बीण लावली तरी तो टिंबच दिसतो. ठिगळ दिसत नाही. पण उजेड मंदावला की कळतं, आता ठिगळ आपल्याकडं आलं."

"म्हणजे न बघताच सांगायचं."

"न बघता नाही गं. दुसऱ्या रीतीनं बघून."

सूर्यावरही असे डाग असतात, पण ते लहान. काही तारे असे असतात की भराभर फिरतात, त्यांच्या पोटातलं चुंबकत्व खवळलेलं असतं, आणि त्यांच्यावरचे डाग एवढाले, की पाव तारा काळवंडून जावा. उजेड कमी-जास्त होण्यावरून डाग आहे एवढं कळतं. तो नेमका कुठे, वर की खाली, हे कळायला ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत पसरावा लागतो. त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात. तारा फिरताना त्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी लांब जात असते, म्हणून रेघ जरा रुंदावते. आणि डाग या कडेकडून त्या कडेला सरकला की रेघेत एक बारीकसा उंचवटाही तसाच सरकतो. एकेका रात्रीचे असे उंचवटे जमवून संगणकाकडून ताऱ्याचा नकाशा करून घ्यायचा, हे आम्रपालीचं काम.

ती वाढली होती साध्या घरात. वडील रतन हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर. भाऊ चेतन तिच्याहून लहान, पण शिक्षण संपताच हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये लागला, आणि रोज सकाळी कंपनीची बस त्याला गाडीतळावरून उचलू लागली. त्याच गाडीतळावरून आम्रपाली पीएमटीच्या बसने मनपाच्या थांब्यावर जायची, तिथून दुसरी बस धरून विद्यापीठ रस्त्यावरच्या आपल्या संस्थेत. भाऊ एसीत, बहीण दांडीला लोंबकळत. चेतन चिडवायचा, "ताई, तू ताऱ्यांपर्यंत पोचशील, पण मनपापर्यंत पोचणं अवघड आहे."

ही गोष्ट दोन हजार दोन सालच्या थंडीतली.

नोव्हेंबरच्या शेवटी आम्रपाली दक्षिणेतल्या एका वेधशाळेत जाऊन आली. आकाश लख्ख होतं, ओळीने दहा रात्री मिळाल्या. तिचा तारा वृषभ राशीतला, नाव नसलेला, सूचीत नुसता आकडा असलेला. स्वतःभोवती एक फेरी पुरी करायला त्याला दोन दिवसांहून अगदी किंचित जास्त वेळ लागे. पुण्यात परतल्यावर तिने नकाशा काढला. नारिंगी गोळ्यावर दोन तपकिरी डाग, एक अलीकडे, दुसरा बरोब्बर पलीकडे, जणू जुळे भाऊ पाठीला पाठ लावून उभे.

तिचे मार्गदर्शक डॉ. श्यामसुंदर आगटे. नारायण पेठेत राहणारे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि कौतुक करायचं झालं तरी ते तक्रारीसारखं करणारे. असल्या ताऱ्यांवरचे डाग समोरासमोर जोडीने असतात, असं त्यांचं कितीतरी वर्षांचं म्हणणं होतं. नकाशा पाहून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "ओव्हाळ, खोट काढण्यासारखं यात मला तरी काही सापडत नाही." त्यांनी तो रंगीत छापून आपल्या खोलीतल्या फळ्यावर लावला आणि परदेशातल्या एका परिषदेकडे पाठवूनही दिला.

आता सगळं कसं ओळीने लागलं होतं. जानेवारीअखेर प्रबंध द्यायचा. चेतनने शब्द टाकल्यामुळे त्याच्याच कंपनीने आम्रपालीला बोलावलं होतं, मुलाखत झाली होती, एक फेब्रुवारीला रुजू व्हायचं होतं. मार्चमध्ये तिची शिष्यवृत्ती संपणार होती, म्हणजे त्याआधीच पगार सुरू. शालन रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची. त्या दिवसांत तिने वंदना झाल्यावर हात जोडून वेगळं काही मागणं बंद केलं होतं. मागायला उरलंच काय होतं?

आणि एका गुरुवारी धोंडिबामामा आला.

धोंडिबा शालनचा थोरला भाऊ, यवतच्या पुढे राहणारा. तो नेहमी गुरुवारीच यायचा, कारण कारखान्यांना गुरुवारची सुट्टी आणि त्या दिवशी रतन घरी भेटायचा. आणि कारखान्यांना सुट्टी म्हणून वीजवालेही गुरुवारीच दिवसभर वीज बंद ठेवून दुरुस्तीची कामं काढत. हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मामाला मात्र ते कधी पटत नसे. पंखा बंद, टीव्ही बंद, तो पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता.

"काय शाले, कसलं तुझं पुनं! कवाबी या, लाईट नाय ती नायच. आमचं गाव बरं म्हनायचं."

"दादा, आजच्या दिवस नाय. गुरुवार हाय."

"दर खेपंला हेच सांगती. अगं, बारामतीची मान्सं आमरपालीसाठी इचारत व्हती. म्या सरळ सांगितलं, पोरगी लाखात एक हाय, पन घरात लाईट नाय."

रतनने कपाळावर हात मारला. "मेव्हणं! असं सांगितलं त्यांना? अहो, बाकी सहा दिवस असते ना लाईट."

"म्या कित्येक वर्सं येतुया, दाजी. एकदा तरी जळताना बघितला का हा दिवा? डोळ्यांनी बघितलेलं सांगतो म्या, ऐकीव न्हाय."

आम्रपाली पोट धरून हसत होती. चहाचा कप तिच्या हातात होता. हसता हसता ती थांबली. कप खाली ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन दप्तरातून नकाशा काढून खिडकीशी उभी राहिली.

मामा खोटं बोलत नव्हता. त्याने पाहिलं होतं ते खरंच होतं. फक्त त्याचं येणं आणि विजेचं जाणं एका मापाने बांधलेलं होतं.

आणि तिचं? ती दररोज रात्री पाहत होती. तारा दोन दिवसांत एक फेरी मारत होता. म्हणजे एका रात्री त्याचा एक चेहरा समोर, दुसऱ्या रात्री पाठ, तिसऱ्या रात्री पुन्हा तोच चेहरा. दहाही रात्री तिने तेच दोन देखावे आलटून पालटून पाहिले होते. मधल्या दोन्ही कुशी? त्या समोर येत, तेव्हा हिंदुस्थानात दिवस असे. नकाशात मात्र कुठेही कोरं नव्हतं. संगणकाला कोरं ठेवायला कुणी सांगितलंच नव्हतं, त्याने आजूबाजूचं बघून सगळं सारखं करून टाकलं होतं. तिने पट्टी घेऊन मोजलं. दोन्ही डागांचे मध्य नेमके तिने पाहिलेल्या दोन देखाव्यांच्या मधोमध होते.

मामा जेवून निघाला तेव्हा तिने त्याला वाकून नमस्कार केला. "कशापायी गं एवढा वाकून?" मामा म्हणाला. "लगीन मोडलं म्हनून?"

दुसऱ्या दिवशी ती आगटे सरांच्या खोलीत गेली.

"सर, हे दोन डाग नेमके तिथेच आहेत, जिथून आपण पाहिलं."

"पाहिलं तिथेच दिसणार, ओव्हाळ. न पाहिलेल्या जागी दिसायला लागले तर आपल्याला वेधशाळेऐवजी येरवड्याच्या इस्पितळात न्यावं लागेल."

"तेच म्हणतेय सर. न पाहिलेली जागा नकाशात भरलेली आहे. ती आपण पाहिलेली नाही." आणि तिने सगळं सांगितलं. तेच दोन देखावे, मधल्या दोन कुशी, पट्टीने मोजलेले मध्य.

सरांनी चष्मा काढला. "हे आपल्याला केव्हा सुचलं?"

"काल. माझे मामा आले होते."

"मामा खगोलशास्त्रज्ञ आहेत?"

"नाही सर. गुरुवारी येतात."

तिने गुरुवारचा प्रकार सांगितला तेव्हा त्यांच्या मिशीत काहीतरी हललं, पण ते हसू होतं असं कुणी छातीठोकपणे सांगितलं नसतं. "शंका वाजवी आहे," ते म्हणाले. "पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. डाग तिथे असूही शकतात. प्रबंधात एक परिच्छेद घाला, निरीक्षणांना मर्यादा आहेत वगैरे, आणि जानेवारीत देऊन टाका. सगळेच घालतात."

"आणि बाकीचा अर्धा तारा?"

"तो काय पळून चाललाय?"

"नाही सर. फिरून येतोय." ती म्हणाली. तिने रात्री हिशेब केला होता. फेरी दोन दिवसांहून किंचित जास्त होती, त्यामुळे तोच देखावा दर खेपेला जरासा उशिरा येत होता. असं सरकत सरकत मार्चच्या सुरुवातीला मधल्या कुशी पुण्याच्या संध्याकाळी समोर येणार होत्या. "आपल्या गच्चीवरच्या लहान दुर्बिणीने नुसता उजेड मोजता येईल. रोज संध्याकाळी. मी थांबते."

"मार्चपर्यंत? एक फेब्रुवारीला आपण हिंजवडीला जाणार होतात ना?"

आम्रपालीने हिशेबाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी चष्मा परत चढवला. "गच्चीची किल्ली रखवालदाराकडे असते. आणि हे पहा, मार्चमध्ये माझे जुळेच निघाले, तर तीन महिने कुणी वाया घालवले ते मी विसरणार नाही."

घरी वादळ झालं. चेतनने आवाज चढवला. "ताई, तुझ्या स्टारवर डाग एक का दोन, हू केअर्स यार? तिथे एचआरला मी काय तोंड दाखवू? लोक ऑफर लेटरसाठी रांगा लावतात!"

"तू शब्द टाकलास, मला माहीत आहे चेतन. मला वाईट वाटतंय."

"वाईट वाटतंय तर जॉइन हो. थिसिस दे, डिग्री घे, मग रविवारी बघत बस तुझे डाग."

"ठरल्या वेळीच बघून चुकलं तेच तर."

रतनच्या कारखान्यात माणसं कमी करायचं चाललं होतं, आणि उद्या आपलंही नाव निघालं तर, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "पोरी, तुझा मास्तर हो म्हणतोय. मोठा माणूस. त्याला चालतंय, तर तुला का चालंना?"

शालन मूर्तीपुढची विझलेली मेणबत्ती खरवडत होती. तिने मान न वळवता विचारलं, "आमरपाली, नकाशात जे हाय, ते तू बघितलंस का?"

"अर्धं बघितलं आई."

"आन बाकीचं?"

"बघितलं नाही. पण कागदावर बघितल्यासारखं दिसतंय."

शालन उठली, हात पुसले. "रोज सकाळी पंचशील म्हणतो आपण. खोटं बोलणार नाय, हे चौथं शील. ते काय तोंडापुरतंच असतं? कागदाला लागू नाय?" मग चेतनकडे वळून म्हणाली, "आन तू. त्या एचआरबाईला सांग, बहीण येत नाय. लाज कसली त्यात? चोरी केलीय का तिनं?"

चेतन पाय आपटत बाहेर गेला. आम्रपालीने मग स्वतःच कंपनीत फोन लावला. पलीकडच्या मुलीने इंग्रजीत विचारलं, दुसरीकडे जास्त पगार मिळाला का? आम्रपाली म्हणाली, नाही, एक तारा बघायचा राहिलाय. पलीकडून "ऑल द बेस्ट" असं हळूच आलं.

जानेवारीपासून तिचा नेम सुरू झाला. दिवसा संस्थेत काम, दिवेलागण झाली की गच्ची. शाल गुंडाळून दुर्बीण लावायची, आधी शेजारच्या एका शांत ताऱ्याचा उजेड मोजायचा, मग आपल्याचा, मग पुन्हा शेजारच्याचा. शेजारचा काही बदलत नाही, म्हणून त्याच्या जोडीला धरून आपला कमी की जास्त ते कळतं. कधी धुरकं असे, कधी रस्त्यापलीकडच्या मंगल कार्यालयातले झोत थेट आकाशात फिरत असत. ती खाली जाऊन तिथल्या माणसाला म्हणाली, "अहो, झोत जरा खाली करता का? तारा दिसत नाहीये."

"मॅडम, नवरदेव दिसायला पाहिजे का तारा?" तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवसापासून झोत खाली असायचे.

परतीच्या बसमधून ती गाडीतळावर उतरायची, तिथे रतन लुना घेऊन उभा असायचा. ती मागे बसली की एवढंच म्हणे, "ढग होतं का?"

जानेवारीभर तारा ठोकळ्यासारखा. आज जेवढा, उद्या तेवढाच. आगटे सर जिन्यात भेटले की विचारत, "काय म्हणतोय आपला अर्धा तारा? सुखरूप?" रुजू व्हायची एक तारीख आली आणि गेली. त्या दिवशी कंपनीची बस समोरून जाताना तिने मान फिरवली नाही. पण मनपाला उतरेपर्यंत एकच विचार तिची पाठ सोडेना, हेही खरं. आपणच चुकलो असलो तर? मार्चमध्ये सरांचे जुळेच निघाले, तर घरात सगळ्यांच्या ताटातलं आपण विनाकारण उपसलं असं होईल. असं वाटलं की ती आईची शिकवण आठवत नसे. ती शेजारच्या ताऱ्याचं मोजमाप पुन्हा तपासून बघे. त्याने मन जास्त ताळ्यावर यायचं.

फेब्रुवारी अर्धा सरला आणि एका संध्याकाळी तारा जरासा मंद भरला. तिने पुन्हा मोजलं. मंदच. धुरकं असेल म्हणावं, तर शेजारचा जसाच्या तसा. दुसऱ्या संध्याकाळी तारा पुन्हा पूर्ववत. तिसऱ्या संध्याकाळी मंद, आणि परवापेक्षा थोडा जास्त. एक दिवसाआड तो काळवंडत होता, आणि दर खेपेला आणखी खोल. जी कूस कुणी पाहिली नव्हती ती हळूहळू वळून समोर येत होती, आणि सगळा अंधार तिच्यावरच होता.

आठवडाभर तिने कुणालाही सांगितलं नाही. मग एका संध्याकाळी ती सरांनाच गच्चीवर घेऊन गेली. "सर, आजचं तुम्ही मोजा."

आगटे सरांनी मोजलं. एकदा, दोनदा. दुर्बिणीपासून बाजूला झाले, पुन्हा डोळा लावला. "जोडी असती तर आपण बघितलं तिथे अंधार असायला हवा होता," ते जणू स्वतःशीच म्हणाले. "इथे नको होता."

"हो सर."

"पण नुसत्या उजेडावरून जागा कळणार नाही. रेघा पाहिजेत. मोठी दुर्बीण पाहिजे."

"अर्ज केला होता सर. पुढच्या हिवाळ्यापर्यंत सगळ्या रात्री वाटून झाल्यात."

सर कठड्याशी उभे राहिले. खाली विद्यापीठ रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. "मार्चमध्ये माझ्या स्वतःच्या चार रात्री आहेत," ते म्हणाले. "त्या घ्या. माझ्या ताऱ्यांना घाई नाही. आणि आभार मानू नका, मला खोकला आहे, मी नाहीतरी एवढा प्रवास करणार नव्हतो."

त्यांना खोकला वगैरे काही नव्हता.

मार्चमधल्या त्या चारही रात्री आकाश मोकळं मिळालं. या खेपेला आम्रपालीने संगणकाला आधीच सांगून ठेवलं होतं, जिथलं पाहिलं नाही तिथलं भरू नकोस. नोव्हेंबरचं आणि मार्चचं वेगवेगळं काढलं, मग शेजारी शेजारी ठेवलं, मधल्या तीन महिन्यांत डाग जागचा हललाय का तेही तपासलं. त्यातच एप्रिल उजाडला. शिष्यवृत्ती संपली होती. एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला लागून ती दुपारनंतर संस्थेत येत होती. चेतन घरी अजून तुटकपणे बोलत असे. पण तिचा प्रबंध छापायचा कागद संपला, तेव्हा तोच कंपनीतून येताना दुकानात उतरून गठ्ठा घेऊन आला आणि तिच्या टेबलावर ठेवून गेला.

नकाशा निघाला. जुळे नव्हते. एकच भला मोठा डाग, ताऱ्याच्या माथ्याजवळ, न पाहिलेल्या कुशीकडे कललेला. त्याच्या दोन टोकांचं थोडं थोडं नोव्हेंबरमध्ये दोन्ही बाजूंनी दिसलं होतं, आणि तेवढ्यावरून संगणकाने दोन वेगळे डाग उभे केले होते.

आगटे सरांनी नकाशा टेबलावर पसरला आणि दोन्ही हात टेकून वाकून पाहिला. मग उठले, फळ्यावरचा जुना नकाशा टाचण्या काढून स्वतःच उतरवला, त्याची घडी केली. "परिषदेला मी लिहितो. मागे घेतोय म्हणून. कारण काय देऊ?"

"एकाच ठिकाणाहून, ठरल्या वेळीच पाहिलं, असं लिहा सर."

"हं. माझी पंधरा वर्षं एका वाक्यात बसवलीत." ते पुन्हा नव्या नकाशाकडे वळले. त्याच्या तळाशी बोटभर रुंदीचा पट्टा पांढराच होता. सरांनी त्यावर बोट ठेवलं. "आणि हे? हे का राहिलं?"

"तारा आपल्याकडे कललेला आहे सर. त्याचा तो तळ इथून कधीच दिसत नाही. पुण्याहूनही नाही, कुठूनही नाही. म्हणून कोरा ठेवला."

"परिषदेतली माणसं विचारतील, भारतात शाई संपली का?"

"खाली एक ओळ लिहिलीये सर."

सरांनी वाकून ती ओळ वाचली: 'हा भाग पाहिलेला नाही.' मग खिशातून पेन काढलं आणि प्रबंधाच्या त्या प्रकरणावर, 'पाहिले' असं लिहून, सही केली.